दादाचा हात लागलेला गोळा

॥ श्री बल्लाळेश्वर प्रसन्न ॥
आषाढ शुद्ध द्वितीया

वहिनीस कमळचा नमस्कार.

भागुबाई भाजी विकायला पनवेलला येतेय, तिच्या टोपलीत कर्टोल्यांच्या खाली एक स्टीलचा डबा आहे. उघडलास की दचकू नकोस. आत चिखल आहे, आपल्या खाडीचा. हळदीच्या पानात गुंडाळून वर ओलं फडकं घातलंय. फडकं सुकू देऊ नकोस.

फोन केला नाही, कारण मला फोनवर आता काहीच ऐकू येत नाही, आणि तुझा फोन तू उचलतच नाहीस. तो पीए उचलतो आणि "मॅडम बिझी आहेत" म्हणतो. तू कशात बिझी असतेस गं? म्हणून जुन्या दिनदर्शिकेच्या पानामागे लिहितेय. कोरा कागद घरात आहे, पण तो कोरा राहू दे.

अमावास्येच्या उधाणाने म्हसोबाच्या वळणावर बाहेरच्या बांधाला खांड पाडली. भरतीला दर्या शेतात येतो, ओहोटीला परत जातो, जाताना बांधाचा लचका नेतो. पेरलेलं भात गेलंच. पण जमीन अजून वाचवता येईल. अष्टमीला भांग आहे, पाणी कमीत कमी चढेल. तेव्हा खांड भरली तर भरली. नाही तर पौर्णिमेचं उधाण आत शिरेल, आणि मग तीन पावसाळे त्या जमिनीत भात उगवत नाही, तिवरं उगवतात.

बंगल्यात जाऊन तुला इतकी वर्षं झाली, म्हणून आठवण करून देते. खांडीत पहिला गोळा आपल्या घराचा. आपले पणजोबा खांडीत आडवे पडले आणि गावाने त्यांच्या अंगाला लावून चिखल रचला, तेव्हापासूनचा मान. घराच्या कर्त्याने गोळा टाकला की घरटी एक माणूस उतरलाच पाहिजे. सुतक असो, हळद असो, बंदरावरची ड्यूटी असो. गोळा पडला नाही तर कोणाला कोणाची सक्ती नाही.

काल गावकी बसली. कोणी म्हणालं, गणराजला बोलवा. शिवदासभाऊ म्हणाले, "बाप जिवंत हाय तवर पोराच्या हाताला मान न्हाय. आमदार असंल तो पनवेलला." मग मीच म्हटलं, दादाला आणता येत नाही, पण चिखल दादाकडे नेता येतो. उजवी बाजू गेली तरी डावा हात चालतो ना त्याचा? डावा तर डावा. गावकीने मान्य केलं.

एवढंच कर. दादाच्या हाताखाली डबा धर, त्याला गोळ्यावर हात ठेवू दे, आणि भागुबाईबरोबर परत पाठव. दादाच्या वाचेसाठी मी पालीला नवस बोलले आहे. दर संकष्टीला गणपतीला आठवण करून देते. तोही कंटाळला असेल.

तुझी
कमळ

*

आषाढ पंचमी

कमळ,

डबा भेटला. कर्टोली पण भेटली. ती नर्स हाय ना केरळची, तिने डबा उघडला आणि किंचाळली. बोलली, हे काय घाण, इन्फेक्शन होईल पेशंटला. मी बोलली, अगं ती आमची खाडी हाय. तिला काय समजतंय.

डबा फ्रिजमंदी ठेवला होता. सकाळी बघते तर न्हाय. स्वयंपाकीण बोलली, खराब झालेलं काहीतरी होतं म्हणून टाकलं. डबा घासून ठेवलाय, तो पाठवते.

इकडं माणसांची ये-जा लई हाय. जिल्हा परिषदेचं चाललंय, रितेशला उभा करतायत. नातवाने आजोबाच्या पायावर डोकं ठेवलेला फोटो पायजे म्हणून तुझ्या दादाचा तीनदा शर्ट बदलला. दमतात गं ते.

गणराज बोलला, बांधाचा प्रस्ताव वर गेलाय, मंजूर होनार हाय. आत्याला सांग काळजी नको. तू पण जीव जाळू नको.

तुझ्या दादाची तब्येत बरी हाय. सगळं समजतं त्यांना. बोलता येत न्हाय एवढंच.

मनुबाई

*

॥ श्री ॥
आषाढ शुद्ध दशमी

वहिनी,

अष्टमी गेली.

पाणी इतकं कमी चढलं होतं की खांडीच्या तळाचे जुने खुंट उघडेच राहिले होते. पोरंसुद्धा उड्या मारून पलीकडे जात होती. सगळं गाव बांधावर येऊन उभं राहिलं, आणि सगळं गाव हात बांधून उभं राहिलं. भागुबाई एसटीतून उतरली तशी पन्नास माणसं तिच्याकडे धावली. तिने रिकामा डबा उलटा करून दाखवला. "घासून दिलाय बघा," म्हणाली, "श्रीमंतांकडं साबन चांगला असतो."

तुला दोष देत नाही. स्वयंपाकिणीलाही नाही. पण मला सांग, तू दादाला काही बोललीस का? तुझ्या पत्रात ते नाही.

मी म्हटलं, चला, गोळा न टाकताच भरूया. यांनीसुद्धा मान खाली घातली. रावजी कधी माझ्या शब्दाबाहेर नसतात, पण म्हणाले, "आज मी उतरलो आणि उद्या बांध फुटला, तर गाव म्हनंल रावजीने मोडता घातला." प्रत्येकाच्या मनात हेच. दिपेश तेवढा बोलला. "आई, चिखल तो चिखल. त्याला हात कोणाचा लागला हे समुद्र विचारतो का?" पण तोही उतरला नाही. तो गणराजच्या गोदामात कामाला. सुट्टी गणराजने द्यायची.

वहिनी, तू या घरात आलीस तेव्हा मी परकरात होते. तूच माझी वेणी घालायचीस. दादा मिठागरात टोपल्या वाहायचा, पायाला फोड, फोडात मीठ. रात्री तू त्याच्या पायाला खोबरेल लावायचीस आणि तो माझ्याकडून पाढे म्हणून घ्यायचा. स्वतः चौथीपर्यंत शिकला, पण मला पेणला पाठवून मॅट्रिक केली. गावात पहिली. लोक म्हणायचे, पोरीला शिकवून काय मिठाला लावणार? दादा म्हणायचा, "मी मीठ काढतो, ती माझं नाव काढंल."

आणि मुरुडला मासळी सडताना बघून आला, तो दिवस मला आठवतो. होड्या भरून आलेले बोंबील लोक परत दर्यात ओतत होते. घरी येऊन जेवला नाही. म्हणाला, बर्फ मिठाच्या पाण्याने गोठवतात. मीठ तर आपल्याकडे आहे. त्यातून कारखाना झाला. कारखान्यातून ट्रक, ट्रकांतून न्हावा शेव्याची गोदामं. पावसाळ्यात मच्छीमारांचे हात रिकामे असायचे, तेव्हा हा बर्फाचे पैसे मागायचा नाही. आश्विनात तेच मच्छीमार त्याच्या दारात येऊन बसायचे, शेठ, तुम्ही उभे राहा. दादाने कधी कोणाकडे काही मागितलं नाही. मागायची वेळच त्याने येऊ दिली नाही. जमिनीसुद्धा त्याच्याकडे चालत आल्या.

आणि ती मोठी खांड पडली तेव्हा? कारखान्याचा मालक, पांढरे कपडे, गाडीतून उतरला तो थेट छातीभर चिखलात. पहिला गोळा त्याने टाकला आणि शेवटचाही. त्याच वर्षी तो निवडून आला. गाव अजून ती गोष्ट पोरांना सांगतं. आमच्यासाठी दादा म्हणजे तो माणूस. गणराजला माहीत नसेल, पण दादाच्या अंगाला तो चिखल अजून लागलेला असेल. वास आला की ओळखेल. तू फक्त त्याच्यापर्यंत ने.

वद्य अष्टमीला आणखी एक भांग आहे. तोवर पौर्णिमेचं उधाण खांड केवढी करतं ते देवाला माहीत.

कमळ

*

आषाढ त्रयोदशी

कमळ,

तूच ये. गुरुपौर्णिमेला बंगला सगळ्यांना उघडा असतो. कार्यकर्ते हार घालायला येतात. गर्दीत तू पण ये, कोणी अडवनार न्हाय. जेवायला थांब.

चिखल आनशील तर पिशवीत लपवून आन.

मनुबाई

*

॥ श्री ॥
आषाढ वद्य तृतीया

वहिनी,

तुझ्याकडून आले, दोन दिवस तापाने पडले. भिजले होते.

तुझ्या हातचे घावन मला गेले नाहीत, त्याचा राग मानू नकोस. दादा समोर त्या सिंहासनासारख्या खुर्चीत, गळ्यात हार हनुवटीपर्यंत. दर चार हारांनी एक पोरगा येऊन ते काढत होता, नाहीतर श्वास कोंडला असता. मी पायांशी बसले. "दादा, मी कमळ," म्हटलं. त्याने ओळखलं गं! डोळे भरले त्याचे. त्याने डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. मी पिशवीत हात घातला, डब्याचं झाकण उघडणार, तेवढ्यात गणराज आला.

"आत्या! किती दिवसांनी! ये, ये, फोटो काढू. अरे आत्याला खुर्ची द्या. बापूंची एकुलती एक बहीण."

मी म्हटलं, "गणराज, फोटो नको. बांध भरायचाय."

"आत्या, बांध सरकार भरणार. पक्का, सिमेंटचा. पोकलेन येणार. तुम्ही चिखल थापत बसलात तर काम झालेलं दिसेल आणि फाईल बंद होईल. तुला फाईल बंद करायचीय का?"

"पोकलेन कधी येणार?"

"पाऊस गेला की."

"पाऊस गेला की जमीन गेलेली असेल रे."

तो हसला. इतकं गोड हसला, अगदी दादासारखं. "आत्या, त्या खाऱ्यातल्या भातासाठी तू मॅट्रिक झालीस?" सगळे हसले. मीही हसले, वहिनी. अजून मला त्याची शरम वाटते. मी पाळण्यात जोजवलेला मुलगा तो.

दादा सगळं ऐकत होता. मी त्याच्याकडे बघितलं. त्याने डोळे मिटून घेतले होते. थकला असेल.

डबा तुझ्या देवघरात, समईच्या मागे ठेवून आले आहे. नर्स देवघरात येत नाही, हे विचारून घेतलं. अष्टमीच्या आधी, तो एकटा असताना, त्याच्या हाताखाली धर. पौर्णिमेने खांड दुप्पट केली आहे. ही अष्टमी शेवटची. पुढच्या अमावास्येनंतर भरायला काही उरणार नाही.

त्या पोराने, गणराजने, बापाला कोंडून ठेवलंय. एवढंच मला दिसतं. दादाला वाचा असती तर त्याने हे होऊ दिलं नसतं.

कमळ

*

आषाढ वद्य सप्तमी

कमळ,

डबा पाठवते. गोळा त्यातच हाय, ओला हाय. आधी हे वाच, मग काय ते कर.

काल नर्स अंघोळीला गेली तवा मी डबा काढला. तुझ्या दादाच्या नाकाशी धरला. त्यांनी वास घेतला. लई वेळ घेतला. डोळ्यातून पानी आलं. मी बोलली, कमळने आनलंय, गावचा बांध गेलाय, हात ठेवा. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि हाताची मूठ केली. मला वाटलं समजलं न्हाय. मी मूठ सोडवायला गेली. त्यांनी हात चादरीखाली घेतला. संध्याकाळी परत विचारलं. परत मूठ. तिसऱ्यांदा भिंतीकडं तोंड केलं.

कमळ, मी तुला सांगनार नव्हते. तुला वाटतंय गणराज करतोय हे सगळं. तसं न्हाय.

झटका यायच्या आधीच्या पावसाळ्यात दोघं बापलेक जेवत होते, मी भाकरी वाढत होते. गणराज बोलला, बापू, गावची जमीन गोदामांना पायजे, पन लोक देनार न्हायत, आंदोलन करतील. तुझे दादा बोलले, मागू नको. मागितली की माणूस नाय बोलतो. बांध जुना हाय, त्याला हात लावू नको नि कोनाला लावू देऊ नको. तो आपसूक जाईल. जमीन खारी झाली की लोक आपल्या पायाने येतील. त्या भातात कोनाचं पोट भरतं, पोरं तर आपल्याकडंच कामाला हायत. भांडन नको, शिव्या नको. असं बोलले आणि माझ्याकडं बघून बोलले, भाकरी करपली.

त्यांना वाटतं ते गावाचं भलं करतायत. मी तवा काय बोलले न्हाय. मी काय बोलनार. पन्नास वरसं त्यांनी मला विचारून काय केलं न्हाय आणि मी पन विचारलं न्हाय.

हात त्यांनी लावला न्हाय. मी लावला. मी पन त्याच घरची हाय ना? सून म्हनून आले, मरेन पन तिथलीच म्हनून. मी देवासमोर बसले, पदर घेतला आणि दोन्ही हात ठेवले गोळ्यावर. चालत असंल तर बघ. न्हाय चालत तर खाडीत टाकून दे.

हे वाचून फाडून टाक.

मनुबाई

*

॥ श्री ॥
आषाढ वद्य दशमी

वहिनी,

तुझं पत्र मी आधी वाचलं नाही. वाचता आलं नाही.

भागुबाई फाट्यावर उतरली तेव्हा तिथे वीसेक जण उभेच होते. तिने टोपली खाली ठेवायच्या आत शिवदासभाऊंनी डबा उचलला, उघडला. गोळ्यावर हाताची बोटं उमटलेली! "लागला! शेठचा हात लागला!" एवढंच ओरडले. मग काय. भागुबाई ओरडत होती, "अरे, चिठ्ठी हाय, चिठ्ठी वाचा," पण तिचं कोण ऐकतंय. डबा डोक्यावर घेऊन गाव बांधाकडे धावलं. मी मागे, चप्पल एक रस्त्यातच राहिली. चिठ्ठी भागुबाईने माझ्या कनवटीला खोचली.

तो गोळा खांडीत पडला, वहिनी, आणि सक्ती लागू झाली. बंदरावरून पोरं निघून आली. दिपेश आला. "पगार कापला तर कापला," म्हणाला. नवीन लग्न झालेली सोनल माहेरचा हिरवा चुडा सांभाळत रांगेत उभी राहिली. यांचा दमा मला माहीत आहे, पण हे खांडीच्या तोंडाशी, सगळ्यात पुढे. हातातून हातात गोळा, गोळ्यामागे पेंढा, पेंढ्यामागे गोळा. भरती चढायला लागली तेव्हा खांड वीतभर उरली होती. शिवदासभाऊंनी पाठ लावली, त्यांच्या पाठीला लावून शेवटचे गोळे घातले. पाणी बांधाला आलं, दोन वेळा डोकं आपटलं, आणि थांबलं.

लोक नाचत होते गं. म्हातारी माणसं चिखलात लोळून रडत होती. "शेठ जिवंत हाय तवर दर्या येत न्हाय!"

तेव्हा मी बांधावर बसून तुझी चिठ्ठी उघडली.

भागुबाई येऊन म्हणाली, "काय लिवलंय वयनीने? तोंड का असं?" मी म्हटलं, "दादाने आशीर्वाद दिलाय." खोटं बोलले. काय बोलू? जवळ पन्नास माणसं चिखलाने माखलेली, त्यांना सांगू की ज्याच्या नावाने उतरलात, त्यानेच मूठ आवळली होती? चालतं काम टाकून ते घरी गेले असते. बांधाला अजून आठवडाभर माती लागते.

वहिनी, बांध तुझ्या हाताचा आहे. हे गावात एका माणसाला ठाऊक आहे आणि ती मी आहे.

दुसऱ्या दिवशी गणराज आला. मला वाटलं चिडेल. त्याने बांधावर उभं राहून फोटो काढले, शिवदासभाऊंना मिठी मारली, चिखलात नवे बूट घातले. आज फाट्यावर फलक लागला आहे. दादाचा हात, एवढा मोठा, आणि खाली गावाचं नाव. त्या हाताची बोटं उघडी आहेत.

मला रडू येत नाही. दादाचा रागही येत नाही. पाढे म्हणून घेणारा दादा कुठे संपला आणि हा कुठे सुरू झाला, ते मला शोधता येत नाही. पालीचा नवस तसाच आहे. त्याची वाचा परत यावी असं गणपतीला आता कोणत्या तोंडाने सांगू? आणि येऊ नये असं तरी कसं सांगू, तो माझा भाऊ आहे.

पत्र फाडलं नाही. चुलीत घातलं.

कमळ

*

श्रावण नवमी

कमळ,

घाईत लिहिते. भागुबाई खाली थांबलीय.

काल इकडं दोन गोनी नारळ आले. गणराज बोलला, गावाने बापूंच्या हाताने बांध धरला, आता बापूंच्या हातचा नारळ घरोघर जाईल. नारळी पौर्णिमेला. ज्याने तो घेतला आणि फोडला त्याची जमीन द्यायला हरकत न्हाय, असं गावकीसमोर धरायचं. कागद मागून. त्याला समजलं, लोक त्याचं ऐकत न्हायत, तुझ्या दादाच्या हाताचं ऐकतात. डब्याची गोष्ट सगळ्या तालुक्यात झालीय ना.

मला वाटलं, तुझे दादा मूठ करतील. जशी चिखलाला केली तशी. मी दारातच उभी राहिले बघायला.

न्हाय केली. एक एक नारळ समोर धरला, एक एकाला हात लावला. डावा हात लटलटत होता तरी लावला. गणराज बोलला, बापू, दमलात, उरलेले राहू दे. तर यांनी मानेने नाय म्हटलं आणि पुढचा दे म्हनून हात केला. दोन्ही गोनी संपल्या तवा थांबले. हसले, कमळ. झटका आल्यापासून पहिल्यांदा.

तुमचा नारळ त्यांनी दोनदा हातात घेतला. रावजीचं नाव वाचून दाखवलं तवा.

मी काय करू? तू काय करशील? आपन दोघींनी मिळून हे केलं. चिखल पाठवला नसता तर बरं झालं असतं का? मला सांग, तू शिकलेली हायस.

मनुबाई

*

॥ श्री ॥
श्रावण शुद्ध पौर्णिमा

वहिनी,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. मॅट्रिकला ते नव्हतं.

आज खाडीवर कोणी गेलं नाही. दर वर्षी नारळ दर्याला जातो, दर्या शांत व्हावा म्हणून. या वर्षी नारळ दारोदार आला. शिवदासभाऊ पुढे, मागे वाजंत्री, टेम्पोत गोणी. प्रत्येक नारळाला चिठ्ठी, चिठ्ठीवर घरधन्याचं नाव. लोकांनी पायावर पाणी घालून, ओवाळून घेतला. ज्या हाताने बांध उभा केला त्या हातचा नारळ परत कसा करायचा?

मी गावकीसमोर बोलले, वहिनी. तुला न विचारता बोलले, मला क्षमा कर. देवळाच्या पायरीवर उभी राहिले आणि म्हटलं, "दादाने त्या गोळ्याला हात लावला नव्हता. वहिनीने लावला होता. मनुबाईने. बांध तिच्या हाताने उभा आहे. दादाच्या नारळाला बांधील राहायचं कारण नाही."

मग शिवदासभाऊ, मऊ आवाजात, जसं आजाऱ्याशी बोलतात तसं, "कमळ, बायकांच्या हाताने दर्या थांबला असता तर तुमच्या पोळपाटासमोर दर्या रोज थांबला असता." बायकाही हसल्या. मागून कोणी म्हणालं, "भावाने इस्टेटीत वाटा दिला नसंल." दुसरं म्हणालं, "बांध उभा हाय ना? मग हात लागलाच हाय." बांध उभाच आहे. मी घरातून येताना बघून आले. पौर्णिमेचं पाणी त्याच्या काठाला टेकलं आहे आणि आत एक थेंब नाही. आत आमचं शेत कोरडं आहे, उरलेल्या पावसाने खार धुतला गेला तर पुढच्या वर्षी पिकेल असं. इतकं छान धरलंस तू ते.

भागुबाईने मात्र माझं ऐकलं. घरापर्यंत सोबत आली. "खरं बोललीस ते मला म्हायती हाय," म्हणाली, "डबा माझ्याच टोपलीत होता. बोटं बारीक होती." मग म्हणाली, "पन माझ्या पोराला गोदामात लावतायत गं, कमळ." आणि तिच्या घराकडे वळली.

दिपेश म्हणतो, आई, घे आता मिटवून. त्याचंही खोटं नाही. त्याच्या पगारावर घर चालतं.

जमीन यांच्या नावावर आहे. नारळ आमच्या देव्हाऱ्यासमोर पाटावर ठेवला आहे. देवापुढे आलेला नारळ मला फेकता येत नाही. हे मघापासून त्याच्यासमोर बसले आहेत. माझ्याकडे बघत नाहीत. फक्त एकदा म्हणाले, "दिनानाथशेठने माझं नाव ऐकून दोनदा हातात घेतला म्हनं." ती गोष्टही गावभर झाली आहे. त्यांच्या आवाजात अभिमान होता गं. उभ्या जन्मात दादाने यांना कधी नावाने हाक मारली नव्हती.

लिहिते आहे आणि आळीत आवाज होतोय. शिवदासभाऊंच्या घरचा पहिला फुटला. मग सोनलच्या सासऱ्यांचा. मला ऐकू येत नाही म्हणतात सगळे, पण हे ऐकू येतंय, जमिनीतून येतंय. एकेका आवाजाबरोबर कोणाचं शेत, ते मला खाचरासकट ठाऊक आहे. आत्ता झाला तो भागुबाईचा.

हे उठले. कोयता शोधताहेत. कोयता मी तांदळाच्या कणगीत खोल पुरून ठेवला आहे. पण नारळ दगडावरही फुटतो, आणि दगड दारातच आहे.

कमळ